चौबाग कोठी, या वेळी आतून

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी चौबाग कोठीवर लिहिलं होतं. लोणी काळभोरच्या पुढे, मुळा-मुठेच्या काठावर एका जहागीरदारांनी बांधलेली ही जुनी कोठी. तिच्यासमोर टप्प्याटप्प्याने नदीपर्यंत उतरत गेलेली आखीव बाग आहे. लेख लोकांना आवडला. त्यातल्या एका वाक्यावर तर लोक फारच हसले. 'कोठीच्या वहिनीसाहेबांनी आम्हाला सगळी बाग हौसेने दाखवली, फक्त पाणी तेवढं विचारलं नाही,' असं ते वाक्य. दुसऱ्याच्या घरी पाणी मिळालं नाही, हे वाचून आम्हा पुणेकरांना जे समाधान मिळतं ते पाणी मिळूनही मिळत नाही. मला रस्त्यात अडवून लोक ते वाक्य म्हणून दाखवायचे.

त्या लेखात एक गोष्ट लिहायची राहिली होती. मी कोठीत गेलोच नव्हतो.

निघालो होतो, हे खरं. तेव्हा मी टेलिफोन खात्यात होतो. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं, अंकाच्या संपादकांनी जागा राखून ठेवली होती. कोणीतरी म्हणालं, नगर रस्त्याने जा, नदीवर नाव असते, ती थेट कोठीच्या घाटाला लावते. मी आणि आमची ही, म्हणजे सुमन, एसटीने गेलो, पुढे शेतातून चालत नदीवर पोचलो. नाव होती, नावाडी लग्नाला गेला होता. मग पलीकडची कोठी बघत आम्ही अलीकडे एका करंजाच्या झाडाखाली बसलो आणि थालीपीठ-दही खाऊन परत आलो. मध्ये एकदा समोरच्या बागेत एक बाई आल्या, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघितलं आणि आत गेल्या. एवढ्यावर मी सहा पानं लिहिली. लेखाला शेवटी काहीतरी चटकदार हवं होतं, म्हणून त्या बाईंना वहिनीसाहेब केलं आणि पाण्याचं वाक्य त्यांच्या माथी मारलं.

परवाच्या रविवारी मी चौबाग कोठीत खरोखर जाऊन आलो. तेव्हा ज्यांनी तो जुना लेख वाचला असेल त्यांनी तो विसरावा आणि हा वाचावा.

धायरीहून निघताना

जाणं माझ्या मनात नव्हतं. आमची सून मृणाल हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या टीमची सहल ठरत होती. कोठी आता रविवारी बघायला खुली असते, आधी कळवलं तर जेवणही मिळतं, हे तिला कॉम्प्युटरवर सापडलं. संध्याकाळी ती घरी आली ती नाचतच.

"बाबा, तुम्ही चलायचं. गाइड म्हणून. मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या सासऱ्यांनी त्या प्लेसवर लिहिलंय."

मी गुडघ्याचं कारण काढलं. सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "काल सिंहगड रस्त्यावर रिक्षावाल्याशी भांडायला पळत गेला होतात. तेव्हा कुठे होता गुडघा?"

ही एकटीच साक्षीदार. लेख छापून आला तेव्हा तिने तो वाचला, अंक मिटला आणि विचारलं, "थालीपिठाचं का नाही लिहिलंत?" त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. बायको भांडली की माणूस सुटतो. ही भांडली नाही, त्यामुळे मी आजवर सुटलो नव्हतो.

रविवारी सकाळी कंपनीची मिनी बस आली. धायरी, स्वारगेट, हडपसर करत पोरं चढत गेली. मी पेठेत वाढलेला माणूस, आम्ही सहलीला निघायचो तेव्हा भेळेचा डबा कोणाच्या मांडीवर ठेवायचा यावर चर्चा व्हायची. या मुलांकडे डबा नव्हता, पण पाण्याच्या बाटल्यांची दोन मोठी खोकी मागच्या सीटवर होती.

"एवढं पाणी?" मी विचारलं.

"काका, तुमचा लेख!" प्रणय नावाचा मुलगा म्हणाला. हा मूळचा वर्ध्याचा, मृणालच्या शेजारच्या टेबलावर बसतो. "मृणालनं सांगितलं ना, तिथे पाणी विचारत नाहीत. आम्ही फुल तयारीत."

सुमन खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. हसत असावी.

हडपसर सोडलं की काचेच्या इमारती मागे पडतात आणि रस्त्याकडेला ऊस, फुलकोबी, कॉलेजांच्या कमानी असं एकात एक मिसळलेलं जग सुरू होतं. लोणी काळभोरला बस थांबली ती पेरूंसाठी. तिखटमीठ लावलेला तो पेरू मी खाल्ला आणि कवळी हलली. सहलीतला पहिला अपघात तिथेच नोंदवतो. पुढे डावीकडे वळून एका कच्च्या रस्त्याने बस नदीकडे निघाली. समोर सुरूच्या उंच झाडांची दुहेरी रांग दिसू लागली आणि मला घाम फुटला.

आधी पाणी

कोठी दुमजली आहे, काळ्या दगडाची, आणि समोरून पाहिलं तर साधीच. तिचं खरं तोंड नदीकडे आहे. रस्त्याकडून येणाऱ्याला ती पाठ दाखवते. हे मला माहीत नव्हतं. मी लेखात रस्त्याकडून शिरल्याबरोबर सज्जा आणि कमानी लिहिल्या होत्या.

दाराशी वहिनीसाहेब स्वतः उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, हिरव्या काठाचं सुती पातळ, पदर खोचलेला. शेजारी बाकावर तांब्याच्या कळशा, फुलपात्रं आणि ताटलीत गुळाचे खडे.

"या न जी. आधी पाणी घ्या."

त्या अमरावतीकडच्या. लग्न होऊन या कोठीत आल्या त्याला आयुष्य लोटलं, तरी बोलण्यातला तिकडचा गोडवा गेलेला नाही. प्रणयने बाटली वर केली. "आजी, आमच्याकडे आहे पाणी."

"दिसते न बाप्पा. ठेव ती गाडीत. इथं घरचं पी."

"तुम्ही वऱ्हाडातल्या?"

"आन् तू काऊन विचारून राहिला?"

"मी वर्ध्याचा!"

"मंग दोन खडे घे गुळाचे."

त्या हलल्या नाहीत. शेवटच्या माणसाने पाणी पिऊन फुलपात्र पालथं ठेवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. वाळा घातलेलं गार पाणी होतं. माझ्या हातात फुलपात्र दिलं तेव्हा मी मान खाली घालून प्यायलो.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"नको."

"घ्या. नंतर कोणी म्हणायला नको."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी आणखी एक फुलपात्र प्यायलो.

डावं आणि उजवं

आता बाग. ही मात्र बघण्यासारखी आहे, मी खोटं लिहिलं होतं त्याहूनही.

कोठीच्या मागच्या, म्हणजे खऱ्या पुढच्या सज्जात उभं राहिलं की खाली तीन टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्याचे दोन पाट एकमेकांना छेदून चार सारखे चौक करतात. चौकांना गुडघ्याएवढं मेंदीचं कुंपण, वरून असं कापलेलं की त्यावर चहाचा कप ठेवावा. एका चौकात गुलाब, एकात निशिगंध, एकात मोगरा आणि एक नुसत्या हिरवळीचा, मोकळा. त्यातून डोळ्याला विसावा मिळतो. शेवटच्या टप्प्याखाली दगडी घाट आणि मग नदी. नदीत जलपर्णी होती, आपलं सगळ्या शहराचं जे काही असतं ते होतं, वाऱ्याबरोबर वासही यायचा. तेवढ्यात मोगऱ्याच्या बाजूने झुळूक आली की वास विसरायला व्हायचं. जलपर्णीवर बगळे ऐटीत चालत होते. एक खंड्या घाटाच्या खांबावरून पाण्यात पडला आणि चोचीत मासा घेऊन वर आला तेव्हा सगळ्या टीमने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमच्या पेठेतल्या घराला अंगण म्हणजे फरशीच्या सहा चौकटी. त्यात एक तुळस आणि एक शेजाऱ्याशी वाद. झाडाला एवढी जागा देणारी माणसं असतात याचंच मला नवल वाटत राहिलं.

पण हे सगळं सावकाश बघितलं ते नंतर; आधी आम्ही सगळे आतल्या दालनातच थांबलो होतो. "बाबा, सुरू करा ना," मृणाल म्हणाली.

मी घसा साफ केला. लेख पाठ होता. सज्जाच्या दाराकडे पाठ करून, आतल्या दालनातल्या मुलांकडे बघत मी सुरुवात केली. "आता आपण बाहेर सज्जात जाऊ. नदीकडे तोंड केलं की डाव्या हाताला अष्टकोनी मंडप आहे. उजवीकडे बकुळीची रांग. जहागीरदार संध्याकाळी डाव्या बाजूच्या मंडपात बसत."

सगळे बाहेर आले. सगळ्यांनी डावीकडे बघितलं. तिथे बकुळी होत्या, ओळीने, दाट, म्हाताऱ्या. मंडप उजवीकडे होता.

मग प्रणय म्हणाला, "काका, साइटवरचं व्हर्जन बदललं वाटतं."

"नवीन बांधला असेल मंडप," मी म्हणालो.

मागून वहिनीसाहेबांचा आवाज आला. "नवीन नाही जी. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचा हाय." त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. एखादं कोडं सुटत आलं की माणूस जसं बघतो तसं.

मी कारण सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. नदीच्या पलीकडे बसून कोठीकडे बघितलं की मंडप डावीकडे दिसतो. कोठीत उभं राहून नदीकडे बघितलं की तो उजवीकडे असतो. मी बसलो होतो पलीकडे आणि लिहीत होतो आत उभा असल्यासारखं. सहा पानांत एकदाही ते उलटं करून घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

पंगत

जेवण मंडपातच होतं, लांब सतरंज्या घालून. वऱ्हाडी बेत. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, त्यावर हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून वाढू का?' असं विचारतात आणि विचारतानाच भांडं मागे घेतात. इथे विचारतच नाहीत. पान रिकामं दिसलं की पडलंच. रश्श्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मृणालच्या टीममधल्या एका मुलीने सलग तीन वाट्या रस्सा प्यायल्यावर वहिनीसाहेबांनी तिचा गालगुच्चा घेतला.

पंगतीच्या टोकाला खुर्चीवर भाऊसाहेब बसले होते. वहिनीसाहेबांचे धाकटे दीर, बिनलग्नाचे. स्वच्छ पांढरा सदरा, ऐकायला थोडं कमी. वहिनीसाहेबांचे यजमान गेल्यापासून कोठीत हे दोघंच. पहिला भात झाला आणि भाऊसाहेबांनी मंडप दणाणेल अशा आवाजात विचारलं,

"वहिनी, पाहुण्यांना पाणी विचारलंत का?"

"विचारलं, भाऊजी."

"नक्की? नाहीतर परत छापून येईल!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आमच्या वहिनी छापून आलेल्या आहेत. साधी बाई समजू नका."

मुलं हसली. वहिनीसाहेबही हसल्या, पण ते हसू घासून गुळगुळीत झालेलं होतं. मी माझ्या भातात बघत होतो. एवढ्यात मृणाल उभी राहिली. चेहरा अभिमानाने फुललेला.

"अहो, तो लेख यांनीच लिहिलाय! माझे सासरे!"

"वा!" भाऊसाहेबांना हे बरोबर ऐकू आलं. "दर्शन झालं. फार मार्मिक लिहिलंत हो. रोज एकदा तरी आठवण काढतो आम्ही. जेवताना."

वहिनीसाहेब हातात रश्श्याचं भांडं घेऊन माझ्यापुढे आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या पानात दोन पाटोड्या घातल्या, त्यावर रस्सा घातला.

"तुम्हीच का ते? जेवा न जी. पोटभर जेवा."

इतकं तिखट मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

सुमन माझ्या कानाशी वाकली. "सांगताय, की मी सांगू? थालीपीठ मी थापलं होतं. पुरावा माझ्याकडे आहे."

"मृणालच्या ऑफिसची माणसं आहेत, अगं."

"वहिनीसाहेबांचीही माणसं आहेत की. रोज जेवताना, म्हणाले ते. ऐकलंत ना?"

घाटावर

जेवणानंतर मुलं बकुळीखाली पसरली. मी वहिनीसाहेबांना शोधत घाटावर गेलो. त्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून भाकरीचे तुकडे माशांना टाकत होत्या. समोर पलीकडचा काठ होता. तिथे आता प्लॉट पडले आहेत, पत्र्याचं कुंपण आणि मोठा फलक आहे. ते करंजाचं झाड मात्र शिल्लक होतं.

मी बोट दाखवलं. "मी तिथे बसलो होतो."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

मी बोट खाली घेतलं.

"लेख आला तेव्हा आमच्या मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवला. डाव्या हाताला मंडप म्हटल्याबरोबर मी म्हटलं, हा माणूस पलीकडे बसला होता, इथं आलाच नाही. ते म्हणाले, असं कसं, छापून आलंय न. मी म्हटलं, अहो, मी अमरावतीची. माझ्या दारात आलेला माणूस पाण्याशिवाय जाईन का? ते म्हणाले, त्या दिवशी राहिलं असेल. माणूस विसरतो." त्यांनी उरलेली भाकरी एकदम पाण्यात टाकली. "ते गेले तोवर तेच धरून होते. रागावले नाहीत, बरं का. समजूत घालायचे माझी. तेच जास्त लागायचं. भाऊजींची नुसती चेष्टा, त्यांच्या मनात काही नाही. पण रोज असते न."

मी हात जोडले. "माझं चुकलं, वहिनीसाहेब. मी खोटं लिहिलं. तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हतात. मला क्षमा करा."

"मला काऊन सांगता?" त्यांनी पदराला हात पुसले. "मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

तिसरा टप्पा, चहाची वेळ

चहा हिरवळीच्या चौकात होता. टीम गोल बसली होती. भाऊसाहेब मध्ये वेताच्या खुर्चीत, वहिनीसाहेब त्यांच्यासमोर किटली घेऊन. मी भाऊसाहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सुमनने स्वतःचा कप खाली ठेवला आणि पदर सावरून बसली, नाटकाचा पडदा उघडायच्या वेळी बसतात तशी.

"भाऊसाहेब, मला एक सांगायचंय. तो लेख खोटा आहे. मी इथे आलोच नव्हतो."

भाऊसाहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

मी आवाज चढवला. "मी कोठीत आलो नव्हतो! नदीपलीकडे बसून लिहिलं! वहिनीसाहेबांची काही चूक नव्हती!"

मृणालने तोंडावर हात ठेवला. प्रणयचा चहा कपातून बशीत आणि बशीतून विजारीवर चालला होता.

"जरा मोठ्यानं बोला हो," भाऊसाहेब म्हणाले. "पाण्याचं काहीतरी म्हणताय का?"

मग मात्र मी छाती भरून घेतली. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल लागत नसे तेव्हा आम्ही ओरडायचो तसा ओरडलो. "पाण्याचं मी मनाने लिहिलं! यांनी कधीच कोणाला पाण्याशिवाय पाठवलं नाही! मी खोटारडा आहे!"

जलपर्णीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या प्लॉटवरचा पहारेकरी कुंपणापाशी येऊन बघायला लागला.

भाऊसाहेबांनी हात खाली घेतला. खुर्चीच्या दांड्यांवर भार देत ते उठले, हळूहळू वहिनीसाहेबांपर्यंत चालत गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "वहिनी, रोज छळलं मी तुम्हाला."

"उठा, भाऊजी. कंबर धरन तुमची." त्यांचा आवाज ओला होता, आणि त्याच वेळी किटली धरलेला त्यांचा हात हसण्याने गदगदत होता. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"रागावू नका जी. भाऊजींना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं. मीच त्यांना डोळ्यांनी खूण केली, पुन्हा विचारा म्हणून. दोनदा केली." त्यांनी डोळे पुसले. "मला ऐकायचं होतं न."

आधी सुमन हसली, मग प्रणय, मग सगळी बाग. मृणाल येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझा दंड धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, अशक्य आहात." तिच्या आवाजात राग होता की काय ते मी बघितलं नाही. मी बागेच्या कडेला, घाटाच्या वरच्या पायरीवर गेलो, पलीकडच्या पहारेकऱ्याला हात केला आणि कोणी सांगितलेलं नसताना तेच चौथ्यांदा ओरडून सांगितलं.